भाडेकरू बसलेला गाळा, नऊ युनिटचे वीजबिल आणि माझे २१ लाख ६२ हजार रुपये

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी नवी मुंबईत, तळोजा फेज एकमध्ये, १७२ चौरस फूट चटईक्षेत्राचा एक दुकानगाळा ४६ लाख रुपयांना विकत घेतला. त्यात भाडेकरू आधीपासून बसलेला होता आणि महिना ३६ हजार रुपये भाडे चालू होते, म्हणूनच मी तो घेतला. पाच महिने भाडे आले. सहाव्या महिन्यात भाडेकरू नाहीसा झाला आणि चौकशी केल्यावर कळले की तो भाडेकरू कधीच नव्हता. गाळा विकण्यासाठी उभा केलेला तो नुसता देखावा होता. बिल्डरच्या ‘हमखास परताव्या’च्या योजना कशा बुडतात हे आता सर्वांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होते, आणि त्या नकोत म्हणूनच मी तयार इमारतीतला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, प्रत्यक्ष चालू भाड्याचा गाळा शोधला होता. सावधगिरी म्हणून जो रस्ता धरला त्याच रस्त्यावर मला लुबाडले गेले, याचा संताप दोन वर्षे होत आली तरी ओसरलेला नाही.

पैसा कोणता होता हे आधी सांगते, कारण ‘हाव सुटली असेल’ असे मला तोंडावर ऐकवले गेले आहे. ठाण्यातील एका अनुदानित शाळेत मी गणित शिकवत होते आणि ३१ मे २०२३ रोजी निवृत्त झाले. उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) १४ लाख, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याचे, १५ लाख २६ हजार आणि भविष्य निर्वाह निधीचे १२ लाख ८० हजार, असे ४२ लाख ६ हजार रुपये माझ्या हाती आले. यजमानांची साडेआठ लाखांची मुदतठेव आम्ही त्यात घातली. गाळ्याचे ४६ लाख, मुद्रांक शुल्काचे ३ लाख २२ हजार, नोंदणीचे ३० हजार, वकिलाचे १२ हजार आणि दलालीचे ९२ हजार मिळून ५० लाख ५६ हजार रुपये होतात. म्हणजे आमच्या दोघांच्या हयातीची शिल्लक शेवटच्या रुपयापर्यंत त्या गाळ्यात गेली. यजमानांना पेन्शन नाही आणि अंशराशीकरणामुळे माझी कमी झालेली. ती तूट भरून काढील असे दरमहाचे उत्पन्न हवे, एवढाच विचार होता.

दलाल माझा विद्यार्थी होता. नौपाड्यातील बँकेत पासबुक भरत उभी असताना मागून “बाई, ओळखलंत का?” असा आवाज आला. मी ओळखले. त्याची तुकडी, त्याचा बाक, दहावीला भूमितीत त्याला पडलेले गुण, सगळे मला आठवत होते. त्याने वाकून नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात तो घरी आला, यजमानांशी बोलला, चहा घेतला, आणि ‘बाई, घाई करू नका, दहा गाळे बघा’ असेही सांगून गेला. पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला आपल्या विद्यार्थ्यावर संशय घेणे जमत नाही. याला कोणी भोळेपणा म्हणेल तर म्हणो.

त्याचे म्हणणे वरवर पाहता बरोबरही होते. राहत्या फ्लॅटचे भाडे किमतीच्या मानाने कमी असते, व्यापारी जागेला सहसा त्याहून अधिक मिळते, हे खरेच आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली होती, अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले होते, विमानतळाचे काम चालू होते. तळोज्यात जो दलाल भेटे तो ही तीन नावे एका दमात घेत असे. ३६ हजारांप्रमाणे वर्षाचे ४ लाख ३२ हजार, म्हणजे ४६ लाखांवर ९.३९ टक्के, हे गणित मी स्वतः वहीत मांडून पाहिले आणि ते बरोबर आले. ज्या आकड्यापासून गणित सुरू झाले तो ३६ हजारांचा आकडाच खोटा असेल, हे मात्र मनात आले नाही. शिवाय किंमत पन्नास लाखांच्या आत असल्यामुळे खरेदीवर एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापण्याची ‘कटकट’ नाही, हेही त्याने मोठी सोय म्हणून सांगितले.

मी डोळे मिटून सही केली असे समजू नका. सिडकोच्या हद्दीत जमीन भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतरणाला परवानगी लागते हे मला माहीत होते, म्हणून मूळ भाडेपट्ट्यापासूनची खरेदीखतांची साखळी पाहिली. भोगवटा प्रमाणपत्र पाहिले, सोसायटीचा ना-हरकत दाखला घेतला, मालमत्ता कराच्या पावत्या पाहिल्या, गाळ्यावर कर्ज नाही याची खात्री केली. हे सगळे कागद खरे होते आणि आजही खरे आहेत. जागेचा कागद न् कागद तपासून घेतला आणि भाड्याचा एकही तपासला नाही, हीच माझी चूक. व्यापारी गाळ्याची किंमत भाड्यावर ठरते, निदान मला तरी ती भाड्यावरच सांगितली गेली होती. मग भाडे खरे आहे का, हे आधी पाहायला हवे होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही गाळा पाहायला गेलो. बाहेर रक्त तपासणीच्या नमुना संकलन केंद्राचा निळा-पांढरा फ्लेक्स बोर्ड होता. आत पांढरा कोट घातलेली एक मुलगी, टेबल, काचेच्या दाराचा फ्रिज, भिंतीवर एसी आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली दोन माणसे होती. मुलीने आम्हाला पाणी दिले. भाडेकरारनामा मला दाखवला तो पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला, १ नोव्हेंबर २०२२ पासून तीन वर्षांचा, आणि त्यात छत्तीस महिने जागा न सोडण्याची अट होती. नोंदणी का केली नाही, असे मी विचारले होते. “बाई, नोटरी चालते, सगळे तसेच करतात,” असे उत्तर आले आणि वकिलांनीही मान डोलावली. ते वकील विद्यार्थ्यानेच सुचवलेले होते. वकील स्वतः शोधावा, दलालाने आणलेला मुळीच घेऊ नये, मग शुल्क दुप्पट पडले तरी चालेल.

आता वीजबिलाकडे येते, कारण त्याच्यासाठीच हे सगळे लिहायला बसले आहे.

नोंदणीच्या दोन दिवस आधी, मीटर माझ्या नावावर करण्यासाठी लागेल म्हणून, जानेवारी महिन्याच्या वीजबिलाची झेरॉक्स मला देण्यात आली. मी ती हातात घेतली, ग्राहक क्रमांक तपासला, मालकाचे नाव खरेदीखतातल्या नावाशी जुळवून पाहिले, कोपऱ्यात पेन्सिलने ‘नावात बदल’ असे लिहिले आणि फाइलमध्ये लावली. त्याच कागदावर, माझ्या पेन्सिलीच्या अक्षरांपासून चार बोटांच्या अंतरावर, महिन्याचा वापर छापलेला होता : ९ युनिट. खाली मागील महिन्यांचा वापर होता. डिसेंबरचे ७ आणि त्याच्या मागे शून्य, शून्य, शून्य, शून्य.

रक्ताचे नमुने ठेवणारा फ्रिज चोवीस तास चालू असावा लागतो. लहानात लहान फ्रिजलाही दिवसाला अर्धा-एक युनिट लागतो. एसी, दिवे, संगणक बाजूला ठेवले तरी एकटा फ्रिज महिन्याला पंधरा ते तीस युनिट घेणार. करारनाम्यानुसार भाडेकरू पंधरा महिन्यांपासून तिथे बसलेला होता आणि बिलानुसार डिसेंबरपूर्वी त्या गाळ्यात एक दिवासुद्धा लागला नव्हता. इयत्ता पाचवीच्या मुलाने सोडवावे असे हे उदाहरण आहे. कागद माझ्या हातात होता, चष्मा डोळ्यांवर होता, कोणी घाई करत नव्हते, आणि मी फक्त नावाचे स्पेलिंग तपासले. आजही रात्री जाग आली की ते बिल डोळ्यांसमोर येते. फाइल मी अजून टाकलेली नाही आणि पेन्सिलीची ती दोन अक्षरे खोडलेली नाहीत.

दुसरी खूण तर माझ्याच दस्तात होती. नोंदणीनंतर मिळालेल्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, मोबदला ४६,००,००० आणि त्याच्याच खाली बाजारभाव २१,८४,००० असे लिहिलेले आहे. सही करण्यापूर्वी मूल्यांकनाचा कागद समोर आला तेव्हा मी विचारले, तर ‘सरकारी दर नेहमी कमीच असतो’ असे सांगण्यात आले. सरकारी दर प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी असू शकतो हे खरे आहे. निम्म्याहून कमी का, एवढे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून त्या इमारतीत आधी झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन घरबसल्या पाहता येते. मी ती ऑगस्टमध्ये पाहिली. त्याच मजल्यावरचा १६८ चौरस फुटांचा गाळा माझ्या आठ महिने आधी २३ लाख ५० हजारांना विकला गेला होता. मी चौरस फुटाला २६,७०० रुपये मोजले आणि शेजारच्याने १४ हजार. दलालाने ‘इथे असाच भाव चालू आहे’ म्हटले की गप्प बसू नका. शेजारच्या गाळ्याची सूची काढा आणि त्याच्यासमोर ठेवा.

मार्च ते जुलै असे पाच महिने ३६ हजार रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात आले. एकूण १ लाख ८० हजार. त्यातही एक इशारा होता आणि तोही मला समजला नाही. भाडेकरू ही कंपनी आहे असे करारात लिहिलेले होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खरी कंपनी एवढे भाडे देताना दहा टक्के टीडीएस कापत असे, म्हणजे माझ्या खात्यात ३२,४०० यायला हवे होते आणि कापलेले ३,६०० माझ्या पॅनवर, फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या नावे कापलेल्या कराच्या विवरणात) दिसायला हवे होते. मला मात्र पूर्ण रक्कम येत होती आणि मी समाधानी होते. भाडेकरू बसलेला गाळा घेणाऱ्याने विक्रेत्याकडे मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे उतारे, आणि भाड्यावर टीडीएस कापला जात असेल तर त्याचा २६एएसही, मागावेत. नाही म्हणाला तर तिथून उठून निघावे.

ऑगस्टच्या पाच तारखेला पैसे आले नाहीत. काही दिवस वाट पाहून आम्ही तळोज्याला गेलो तेव्हा गाळ्याला कुलूप होते आणि फ्लेक्स काढलेला होता, चौकटीला बांधलेल्या तारा तेवढ्या लोंबत होत्या. इमारतीच्या वॉचमनकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “मॅडम, हा बोर्ड आधी मागच्या विंगच्या गाळ्यावर होता. तिथेही असाच चार-पाच महिने होता.” मागच्या विंगमधल्या गाळ्याचे मालक निवृत्त बसचालक निघाले. त्यांनी ३९ लाख दिले होते. तोच बोर्ड, तीच मुलगी, तोच नोटरीचा मसुदा, फक्त दलाल दुसरा. आपल्या भाड्याच्या रूपाने आपलेच पैसे आपल्याला परत येत होते हे त्या दिवशी, त्यांच्या घरी दोघांची पासबुके शेजारी ठेवून पाहताना लक्षात आले. दोन्ही पासबुकांत भाडे एकाच खात्यातून आलेले होते.

माझ्या विद्यार्थ्याने फोन उचलला. तो म्हणाला, “बाई, भाडेकरू गेला त्याला मी काय करणार? मी तर फक्त जागा दाखवली.” त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही. त्याच्या तुकडीतल्या दोघातिघांना मी विचारले. त्यांना तो दोन वर्षांपासून काय करतो हे माहीत होते आणि कोणी मला सांगितले नव्हते, कारण बाई अशा व्यवहारात पडतील असे त्यांना वाटले नव्हते.

इथपर्यंत जे घडले त्यात माझ्या चुकीचा वाटा आहे आणि तो मी मान्य करते. त्यानंतर जे घडले त्यात माझी कोणतीही चूक नाही.

राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले तर गाळा नवी मुंबईत आहे, तिकडे जा असे सांगितले. तिकडच्या पोलीस ठाण्यात गेले तर पैसे ठाण्यातल्या बँकेतून गेले, व्यवहाराची बोलणी ठाण्यातल्या घरी झाली, तुम्ही तिकडेच जा असे सांगितले. हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेऊन ती पुढे पाठवावी, अशी कायद्यात तरतूद आहे. मी ती छापून नेली होती. ठाणे अंमलदारांनी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि चहाचा ग्लास त्यावर ठेवला. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्यांनी मला विचारले, “गाळा तुमच्या नावावर आहे ना? चावी तुमच्याकडे आहे ना? मग फसवणूक कशाची?” गाळा निम्म्या किमतीचा आहे आणि खोटा भाडेकरू दाखवून तो मला दुप्पट किमतीला विकला, हे मी चार वेळा समजावले. ‘हा दिवाणी वाद आहे’ हे त्यांचे वाक्य शेवटपर्यंत बदलले नाही.

त्यापुढचे ऐका. करारनामा नोंदणीकृत नाही हे पाहून त्यांनी मलाच सांगितले की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि आता मालक तुम्ही आहात. कलम खरे आहे. मात्र तो करार मी केलेला नव्हता, माझ्याआधीच्या मालकाने केलेला होता, आणि तो खोटा होता हीच माझी तक्रार होती. फसवणाऱ्याच्या नावाने कलम सापडत नव्हते आणि माझ्या नावाने पाच मिनिटांत सापडले. त्या दिवशी पनवेलहून ठाण्यापर्यंतच्या लोकलमध्ये आम्ही दोघे एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

नंतर एक वाद असाही निघाला की गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखाली घ्यायचा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेखाली. व्यवहार फेब्रुवारीचा, म्हणून जुना कायदा, हे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला वाचून कळले. त्यावर ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन’ येईपर्यंत सात आठवडे गेले. मग २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाचा बंदोबस्त आला. मग माझा अर्ज ज्यांच्याकडे होता त्यांची बदली झाली आणि नव्या अधिकाऱ्यांनी ‘पहिल्यापासून सांगा’ म्हटले. आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम त्यांच्या मर्यादेपेक्षा लहान असल्याचे सांगून परत पाठवले. आमच्या हयातीची शिल्लक लहान ठरली. बसचालक काकांचा आणि माझा अर्ज एकत्र घ्या, बोर्ड एक, मुलगी एक, पैसे पाठवणारे खाते एक, अशी विनंती केली तर ‘प्रत्येकाने आपापला अर्ज द्यावा’ एवढेच उत्तर मिळाले. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही अर्ज दिवाणी वाद दिसतात. एकत्र ठेवले तर टोळी दिसते. ते एकत्र ठेवायलाच कोणी तयार नाही.

पोलिसांखेरीजचे दरवाजेही पाहून झाले. पूर्ण झालेल्या इमारतीतला जुना गाळा एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विकला, तर बिल्डरविरुद्ध असते तशी महारेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाची) दाद तिथे मिळत नाही, असे आमच्या आताच्या वकिलांनी सांगितले. ग्राहक आयोगाकडे जावे तर व्यापारी हेतूने केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणे कठीण. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याला जी दोन छत्रे असतात, त्यांतले एकही जुना व्यापारी गाळा घेणाऱ्याच्या डोक्यावर नाही. पहिल्यांदाच या व्यवहारात उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असते? मला कोणीही सांगितले नव्हते. शेवटी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, पोलिसांना गुन्हा नोंदवून तपासाचा आदेश द्यावा, असा अर्ज केला आहे. त्यासाठी वकिलांचे ६० हजार रुपये मुलाने दिले.

नुकसानीचा हिशेब असा : शेजारच्या गाळ्याच्या किमतीपेक्षा जास्त दिलेले २२ लाख ५० हजार, अधिक दलालीचे ९२ हजार, वजा मिळालेले भाडे १ लाख ८० हजार, म्हणजे २१ लाख ६२ हजार. जादा किमतीवर भरलेले मुद्रांक शुल्क यात धरलेले नाही. गाळा आता एका झेरॉक्स-स्टेशनरीवाल्याला १३ हजारांनी दिला आहे, नोंदणीकृत करार करून. त्यातून सोसायटीची देखभाल २,८५० रुपये आणि मालमत्ता कर जातो. मेट्रो आणि सेतूची नावे ऐकून भाडे वाढत नाही, त्या रस्त्यावर संध्याकाळी किती माणसे थांबतात त्यावर ते ठरते, आणि ते पाहण्यासाठी एका रविवारी आणि एका कामाच्या दिवशी तिथे दोन-दोन तास उभे राहावे लागते. आम्ही तिथे एकूण वीस मिनिटे होतो.

एक गोष्ट राहिली. व्यापारी जागेतून भाड्याचे उत्पन्न हवे असेल तर सेबीच्या नियमांखाली शेअर बाजारात नोंदलेल्या रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारतींत गुंतवणारे न्यास. ऐरोलीतल्या मोठ्या कार्यालय संकुलांचे भाडे त्यांतल्या एका रीटमधून २०२० पासून लोकांना मिळते आहे, आणि त्यासाठी हजार रुपयांपासूनही सुरुवात करता येते. भाव खाली-वर होतो, जोखीम तिथेही आहे. पण भाडेकरू खरा आहे का, हे तपासायला तिथे लेखापरीक्षक असतो. मी मात्र पहिल्याच पावलाला ४६ लाख ठेवले.

गेल्या महिन्यात वॉचमनकाकांचा फोन आला. पेंधर स्थानकाच्या बाजूच्या एका नव्या इमारतीत, तळमजल्याच्या गाळ्यावर, तोच निळा-पांढरा बोर्ड लागला आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आत खुर्च्या होत्या, फ्रिज होता, फ्रिजमध्ये दिवा नव्हता. काचेला ‘गाळा विकणे आहे, भाडेकरूसह’ असा कागद चिकटवलेला होता. मी बाहेरून चार फोटो काढले आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात जाऊन माझ्या अर्जाला ते जोडण्याची विनंती केली. त्या गाळ्याबद्दल अजून कोणाची तक्रार आलेली नाही, असे मला सांगण्यात आले. फोटो ठेवून घेतले आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून दिला.